मदत हवी आहे: दवाखान्यातून आलेलं दातांचं माप (तोंडात घेतलेला साचा) निर्जंतुक केलंय की नाही, हे लॅबने कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत काकांची छोटी डेंटल लॅब आहे. कवळ्या, पार्शल (थोड्याच दातांची कवळी), कॅप अशी कामं असतात. काका, मी आणि हाताखाली दोन मुलं. आलेलं काम मी उतरवून घेतो आणि रोज तिथेच घोडं अडतं.

मापं कशीही येतात. कुणी धुऊन पिशवीत बंद करून पाठवतं. कुणाचं ओल्या कापसात गुंडाळलेलं असतं, आणि कापूस काढला की अल्जिनेटच्या (माप घ्यायच्या मऊ मटेरियलच्या) खाचेत रक्त नि लाळ तशीच. स्लिपवर शेड, दाताचा नंबर, ट्रायलची तारीख सगळं लिहितात. निर्जंतुक केलं का, कशाने, किती वेळ, याबद्दल अवाक्षर नाही. आम्ही पुन्हा द्रावणात बुडवलं तर अल्जिनेट पाणी पिऊन फुगतं, आणि कवळी बसली नाही की बोल लॅबला. तसंच प्लॅस्टर ओतावं, तर ते हाताळणाऱ्या पोराचं काय? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो. दोन्ही मुलांनी लस घेतलेली नाही.

काका म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही, डॉक्टरांना विचारत बसलास तर काम दुसऱ्या लॅबकडे जाईल. काकांचा हात या कामात बसलेला आहे, पण हे काही मला पटत नाही.

डॉक्टरांना न दुखावता कसं विचारावं? उत्तर मिळालंच नाही तर काय करावं? शिवाय पॉलिशच्या लेथजवळ प्युमिसचं (घासायच्या दगडी भुकटीचं) एकच ताट दिवसभर सगळ्या कामांना चालतं, दुरुस्तीला आलेल्या जुन्या कवळ्यांनाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद (ग्वाल्हेर, प्रोस्थोडॉन्टिस्ट)

विचारायलाच हवं. माप निर्जंतुक करून पाठवणं हे मुळात आम्हा डॉक्टरांचं काम. स्लिपच छापून घ्या: "निर्जंतुक केले: हो / नाही, द्रावण, वेळ". सगळ्या दवाखान्यांना तीच स्लिप गेली की कुणाला एकट्याला बोट दाखवल्यासारखं होत नाही. मला अशी स्लिप आली तर त्या लॅबवरचा माझा विश्वास वाढेल.

रकाना कोरा आला तर एक फोन. फोन लागला नाही तर माप निर्जंतुक नाही असंच धरा. आधी वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवा. रक्त-लाळ राहिली तर द्रावण नीट काम करत नाही. मग ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट सगळीकडून फवारून पिशवीत १० मिनिटं बंद ठेवा, पुन्हा धुवा, पाणी झटका आणि लगेच ओता. बाटलीवर ५ टक्के असेल तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी, आणि हे द्रावण रोज ताजं. पुट्टी-लाइट बॉडीची सिलिकॉन मापं बुडवली तरी चालतात. पार्शलच्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांगाड्याला मात्र हायपोक्लोराइट फार वेळ लागू देऊ नका, धातू खराब होतो.

प्रतिसाद (बडोदा, लॅब टेक्निशियन)

भाऊ, मापाइतकंच त्या ताटाकडे बघा. ओल्या प्युमिसमध्ये जंतू वाढत राहतात आणि लेथ फिरला की तेच शिंतोडे तोंडावर. आमच्याकडे प्रत्येक कामाला वाटीत थोडंसं घेतो, काम झालं की टाकून देतो. पॉलिशचे कापडी बफ धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात). जुनी कवळी आधी घासून, निर्जंतुक करून मगच टेबलावर. चष्मा, मास्क लावल्याशिवाय लेथला हात नाही. आणि तयार काम दवाखान्यात पाठवतानाही निर्जंतुक करूनच पाठवा. पेशंटच्या तोंडात जायचंय ते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. स्लिपचा मजकूर काकांना वाचून दाखवला. "छापून घे" म्हणाले. ताट आजच काढलं. मुलांच्या लसीचं कसं करावं?

प्रतिसाद (ग्वाल्हेर, प्रोस्थोडॉन्टिस्ट)

तीन डोस: पहिला आत्ता, दुसरा १ महिन्याने, तिसरा पहिल्यापासून ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत अँटिबॉडीची तपासणी करा. १० mIU/mL किंवा जास्त आली तर संरक्षण मिळालं. तुम्ही आणि काकांनीही घ्या. डोस पूर्ण होईपर्यंत न धुतलेलं माप मुलांच्या हाती देऊ नका. हातमोजे मात्र सगळ्यांनाच, लस झाली तरी.