‘नॅट्रियुरेटिक’ म्हणजे नुसतं ‘मूत्रल’ का?

प्रश्न : बाबांच्या रक्ततपासणीत ‘एनटी-प्रोबीएनपी’ हे हृदयावरचा ताण दाखवणारं द्रव्य वाढलेलं आलंय. त्याच्या लांबलचक नावात ‘नॅट्रियुरेटिक’ आहे. एके ठिकाणी त्याला ‘मूत्रल’ म्हटलंय. चालेल का?

प्रतिसाद : अपुरं आहे. लघवी वाढवणारं ते सगळंच मूत्रल. नॅट्रियम हे सोडिअमचं लॅटिन नाव, म्हणजे इथे भर लघवीवाटे सोडिअम जाण्यावर आहे. १९८१ साली कॅनडात किंग्स्टनला अडोल्फो दे बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवी १० पट झाली, सोडिअम मात्र ३० पटींहून जास्त बाहेर पडलं! मीठ पुढे, पाणी त्याच्यामागे. ‘मूत्रल’मध्ये नेमकं हेच हरवतं.

प्रतिसाद : सहमत. रक्ताचं आकारमान वाढलं की अलिंदाची भिंत ताणली जाते आणि तिथल्या पेशी त्या अर्कातलं संप्रेरक, म्हणजे एएनपी, सोडतात. मग मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी धमनिका रुंदावते, नेणारी आवळते, गाळण वाढतं. पुढे नलिकांमध्ये सोडिअम परत शोषलं जाणंही कमी होतं. मी ‘लवणोत्सर्जक’ लिहितो. ‘क्षारमूत्रल’ नको, क्षार म्हटलं की आपल्याला बोअरचं पाणी आठवतं.

प्रश्नकर्ता : ‘लवणोत्सर्जक’ आवडला. पण मीठ-पाणी बाहेर काढणारं द्रव्य वाढलंय, तर बाबांच्या पायांवर सूज कशी?

प्रतिसाद : हृदय थकलं की किडनीला रक्त कमी पोचतं. अंगात पाणी साचलेलं असलं तरी ती रक्त कमी पडल्यासारखीच वागते. किडनीतून सुटणारं रेनिन आणि त्यामुळे वाढणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ धरून ठेवतात आणि या ओढाताणीत बहुधा तेच वरचढ ठरतात. शिवाय एनटी-प्रोबीएनपी हा बीएनपी, म्हणजे अलिंदातल्या त्या एएनपीचं भावंड, तयार होताना सुटणारा निष्क्रिय तुकडा. रक्तात जास्त टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. वय वाढलं, किडनी मंदावली तरी तो आकडा चढतो, तेव्हा अर्थ डॉक्टरांनाच विचारा.

प्रतिसाद : बीएनपीतला ‘बी’ मूळचा ‘ब्रेन’चा. १९८८ साली जपानी संशोधकांना हे द्रव्य आधी डुकराच्या मेंदूत सापडलं. माणसात ते मुख्यतः निलयांतून, हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, येतं. तेव्हा मराठीत ‘मेंदूजन्य’ लिहू नका, नाहीतर कुणीतरी रिपोर्ट घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन बसेल.