मदत हवी आहे: जुन्या वाड्याच्या भिंतीत काडतुसं सापडली

उदगीरजवळच्या आमच्या जुन्या वाड्याचं माळवद उतरवताना देवळीच्या मागे पितळी डबा निघाला. आत दोन प्रकारची काडतुसं आहेत. पहिली लांब, पितळी, बुडाला कडा असलेली. बुडावर इंग्रजी के, एफ, मध्ये बाण, ४३ आणि रोमन सात. यातली काही रिकामी, बाकीच्यांत गोळी तशीच आहे आणि तिच्या मुळाशी हिरवा जंग चढलाय. दुसरी जाड कागदी नळीची, खाली पितळेचं बूड, त्यावर एली, लंडन आणि १२. कागद दमटपणानं फुगलाय.

माझा अंदाज: पहिली .३०३ रायफलची, खडकीच्या कारखान्यातली, १९४३ सालची. दुसरी बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीची. घरातले थोरले म्हणतात, रझाकारांच्या काळात, पोलीस ॲक्शनच्या आधी लपवली असावीत. त्याला कागदी पुरावा नाही.

घासलं-पुसलं नाही, उन्हात ठेवलं नाही. डबा जागेवरच आहे, खोलीला कुलूप आहे, मजुरांना तिकडे जाऊ देत नाही. भंगारवाला किलोवर मागत होता, त्याला नाही म्हटलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं जिवंत काडतूस परवान्याशिवाय ठेवता वा विकता येत नाही, त्यामुळे पोलिसांना कळवणारच आहे. ‘घरी ठेवा’ हा सल्ला नको.

खुणांवरून ओळख बरोबर आहे का? पंचनाम्यात या खुणा जशाच्या तशा नोंदवून मिळतात का? रिकाम्या पुंगळ्या संग्रहालयाला देता येतात का, आणि संग्राहकांत त्यांची किंमत कशावरून धरतात: साल, खुणा की अवस्था?