गोठ्यात बाळच नाही म्हणे!

पारसिकचा वारा (खारघर)
आमच्या टॉवरच्या लॉबीत यंदा नाताळच्या झाडाशेजारी एका ख्रिश्चन कुटुंबाने गोठा मांडलाय. मेरी, जोसेफ, गाय, मेंढ्या, तीन राजे, सगळे हजर. बाळ येशूच नाही! ज्याचा वाढदिवस तोच गायब. विचारलं तर म्हणे "असंच असतं". या सणात अध्यात्म उरलेलं नाही याचा आणखी काय पुरावा हवा? केक, सांता, मॉलमधला सेल, थर्टीफर्स्टची रंगीत तालीम. शिवाय २५ डिसेंबर हा मूळचा रोमन सूर्यदेवाचा दिवस, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. चर्चा व्हावी.

तलावपाळीची
"चर्चा व्हावी" लिहून आपण चहाला गेलात. आता वाचा.

बाळ गायब नाही, अजून जन्मलेलं नाही. २४ च्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली की मग ठेवतात. तोवर गव्हाण रिकामी. त्याआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. फादर जांभळी वस्त्रं घालतात, ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत, सगळं जरा आवरतं घेतलेलं. तुमचा मॉल नोव्हेंबरातच जिंगल बेल लावतो त्याला आम्ही काय करणार? खरं तर राजेही सहा जानेवारीला यायचे, तुमच्या शेजाऱ्यांनी घाई केली. आणि ते राजे होते, तीन होते, हे बायबलातला मत्तय कुठेच लिहीत नाही. तो नुसतं 'पूर्वेकडचे ज्ञानी' म्हणतो.

आमच्याकडे आई बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात नाचणी पेरते. नाताळपर्यंत बोटभर हिरवं उगवतं, तेच गोठ्यापुढचं कुरण. पाणी जरा जास्त झालं की मुळं कुजतात आणि घरभर वास. मग शेजारच्या काकूंकडे जादा झाकण आहे का ते बघायचं.

आता अर्थ. ज्याने सगळं केलं तो दूध पाजल्याशिवाय रात्र न काढू शकणारं पोर होऊन येतो. राजवाड्यात नाही. पहिली खबर राजाला नाही, रात्रीची राखण करणाऱ्या मेंढपाळांना. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो की येशूने स्वतःला रिकामं केलं. इतर रविवारी विश्वासाच्या कबुलीत 'मनुष्य झाला' म्हणताना आम्ही मान झुकवतो. नाताळला त्याच शब्दांपाशी अख्खं चर्च गुडघे टेकतं, वर्षातून फक्त त्या दिवशी आणि २५ मार्चला, देवदूताने मरीयेला खबर दिली त्या सणाला. आणि पार्टी म्हणाल तर दुसऱ्याच दिवशी, २६ ला, दगडांनी ठेचलेल्या हुतात्मा स्तेफनाचा सण. २८ ला हेरोद राजाने मारलेल्या बाळांचा. अशी पार्टी करून बघा.

शिवाय "ख्रिश्चन असून मराठी छान लिहिता" असं कोणी लिहिणार असेल तर थांबा. १३२१ साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. पोर्तुगीज यायला तेव्हा जवळपास दोनशे वर्षं होती. आम्ही इथे पाहुणे नाही.

निरीश्वर_नेरूळ
भावना पोचल्या. तारखेचं काय? रोमन सम्राट ऑरेलियनने २७४ साली सूर्याचं देऊळ बांधलं. बायबलमध्ये तारीखच नाही. मार्क आणि योहान यांची शुभवर्तमानं तर जन्माची गोष्टही सांगत नाहीत. उचललेली तारीख, उचललेलं झाड, मग अध्यात्म तेवढं स्वतःचं?

जुनी पानं (कळवा)
नेरूळकर, 'अजिंक्य सूर्याचा जन्मदिन' २५ डिसेंबरला असतो हे आपल्याला ज्या ३५४ सालच्या रोमन पंचांगातून कळतं, त्याच बाडात येशूचाही जन्म त्याच दिवशी लिहिलाय. कोणी कोणाचं उचललं हे त्यावरून सांगता येत नाही. दुसरं गणित आहे: २५ मार्चला गर्भधारणा, अधिक नऊ महिने. आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीलाच साजरा करतं. तारखेवर श्रद्धा टांगलेली असती तर एवढी मोकळीक राहिली असती का?

निरीश्वर_नेरूळ
म्हणजे तारीख कोणालाच माहीत नाही. माझं म्हणणं वेगळं काय होतं? असो, बाडाचा मुद्दा घेतला, गोड मानून.

माऊलींचा दास (कोपरी)
कशाला भांडता? देव अवतार घेतो हे आम्हाला नवीन नाही. कृष्णही मध्यरात्री, कैदेत जन्मला, राजा बाळांच्या जिवावर उठला. एकच कथा.

तलावपाळीची
काका, प्रेमाने म्हणताय म्हणून प्रेमाने सांगते, एकच नाही. आमच्याकडे तो एकदाच येतो आणि दुष्टांना मारायला नाही, त्यांच्या हातून मरायला. पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे ४५१ साली खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेत भांडून भांडून ठरलं. भूक, झोप, रडू सगळं खरं, लीला नाही.

माऊलींचा दास (कोपरी)
सीतेसाठी राम झाडांना विचारत रडत फिरला ती लीला का? दुसऱ्याच्या देवाचं रडणं खोटं ठरवून आपला सण मोठा होत नाही ताई.

तलावपाळीची
रामाचं बरोबर आहे. 'एकदाच' मात्र सोडणार नाही.

फक्त_वचन
मी स्वतः विश्वासी आहे आणि आमच्या फेलोशिपमध्ये नाताळ पाळत नाहीत. 'माझी आठवण करा' हे प्रभूने भाकरीबद्दल सांगितलं, वाढदिवसाबद्दल नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता आणि दंड करणारेही ख्रिस्तीच होते. तुमच्या मातीच्या बाहुल्या बायबलमध्ये दाखवा.

तलावपाळीची
बाहुल्या!! असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोत खरा बैल, खरं गाढव आणि पेंढा आणून लोकांना गव्हाण दाखवली, कारण ऐकून डोळ्यांपुढे येत नव्हतं. मूर्ख होता ना तो? दंड लावायची हौस असेल तर पाच शिलिंग माझ्याकडून घ्या.

पारसिकचा वारा (खारघर)
चहा झाला. एक शंका. मध्यरात्री ठेवतात म्हणता, पण आमच्या इथली मिस्सा साडेआठला सुरू होऊन दहाच्या आत आटपते. मग बाळ साडेनऊला जन्मतं का?

तलावपाळीची
आत माणसं मावत नाहीत म्हणून मिस्सा पटांगणात होते. दहानंतर स्पीकर बंद, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमाप्रमाणे. आम्ही पाळतो. सगळेच पाळतात असं नाही.

गोविंदा_पाचपाखाडी
आला टोमणा. गाडी दहीहंडीवरच येणार होती. सरकारला वर्षातून १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते, ती घेणं गुन्हा आहे का?

तलावपाळीची
मी हंडीचं नाव घेतलं का? पण काढलंतच म्हणून सांगते. एका हंडीच्या दिवशी पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा पुढे सरकेना. मी उतरून एका पोराला म्हटलं, जरा आवाज कमी कर. त्याने ऐकू येत नाही अशी खूण केली. आणि त्याला खरंच येत नव्हतं.

गोविंदा_पाचपाखाडी
पप्पांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण आमच्या पथकातल्या पोरांनी कोविडमध्ये सिलिंडर खांद्यावरून नेलेत, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आणि थर्टीफर्स्टला येऊरच्या बंगल्यांत डीजे वाजतो तो कोणत्या संताच्या नावाने?

निरीश्वर_नेरूळ
तिथे नाचणारे सगळे तुमचे-आमचेच. येशू बिचारा फुकट बदनाम.

गोविंदा_पाचपाखाडी
नास्तिकांनी मध्ये पडू नये.

निरीश्वर_नेरूळ
आवाज नास्तिकाच्या कानातही जातो हो.

रात्रपाळी (ऐरोली)
साडेआठ की बारा यावर एवढं कशाला? नाताळच्या चार मिस्सा असतात: आदल्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची, दिवसाची. रात्री जन्माचं वाचन, पहाटे मेंढपाळांचं, दिवसा योहानाचं 'शब्द देही झाला'. मी वॉर्डातली ड्युटी संपवून थेट पहाटेच्या मिस्सेला जाते, युनिफॉर्मवर स्वेटर घालून. एकदा प्रवचनात झोपले. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं आणि मग हळूच लिमलेटची गोळी दिली.

फक्त_वचन
बहिणी, तुझ्या सेवेत प्रभू आहे. गोठ्यात नाही.

तलावपाळीची
झालं, आता सेवेवरही तुमचा शिक्का.

लॉबीचा मालक (सेक्रेटरी, खारघर)
धागाकर्ते आमच्याच टॉवरचे निघाले. झाडाचा खर्च सोसायटीचा, गोठा त्या कुटुंबाचा स्वतःचा, हे सर्वांनी नोंद घ्यावं. मेंटेनन्समधून काही गेलेलं नाही. २४ ला रात्री बाळ ठेवायला लॉबीची किल्ली मागितली आहे, वॉचमनला सांगितलंय.

पारसिकचा वारा (खारघर)
बरं. बाळ येतंय तर पुरावा मागे घेतो. उरलेलं म्हणणं कायम: सांता आमच्या गेटवर पाच दिवस आधीच उभा आहे, त्याला कोणी अडवलं नाही.

तलावपाळीची
त्याला तुमच्याच कमिटीने भाड्याने आणलाय. सेक्रेटरींना विचारा.

गोविंदा_पाचपाखाडी
ते सगळं ठीक. पटांगणातल्या स्पीकरचं डेसिबल किती, ते कोणी सांगितलंच नाही.