मोठ्या प्रसंगाचा एक तरी रोल निघायला हवा

महालकर
बाबांच्या कपाटात आग्फाचा क्लिक थ्री हा जुना फिल्मचा कॅमेरा सापडला. १२० चा रोल, बारा फोटो, मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल पुढे फिरवायचा. यंदा आपल्या नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीला तोच घेऊन गेले. एरवी फोनवर तीनशे फोटो काढते आणि नंतर एकही उघडून बघत नाही. या वेळी पिवळ्या मारबतीचा पुतळा अगदी समोर येईपर्यंत नुसती उभी राहून बघत होते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्या, गुलाल, आणि हातात बाराच फोटो. घरातल्या प्रत्येक मोठ्या प्रसंगाचा एक तरी रोल निघायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

वर्धारोडवाला
ताई, परवडणार कोणाला? मी पस्तीस एमएमचा एक रोल वापरून पाहिला. रोल, धुलाई, स्कॅन, मुंबईला जाण्यायेण्याचं कुरिअर मिळून दीड हजाराच्या वर गेले. हाती काय आलं, तर स्कॅन. म्हणजे पुन्हा फोनवरच बघायचं. जपून काढायचेत तर फोननेही बाराच काढा ना.
आणि ‘प्रत्येक मोठा प्रसंग’ म्हणता, तर आमच्या आजीचा उभ्या आयुष्यात एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्राचा. तिच्या पणतीचे हजार आहेत. ते फोनमुळेच.

फुटाळ्याची
मी इन्स्टॅक्सवाली, म्हणजे फोटो काढला की कॅमेऱ्यातूनच छापून हातात. असाच कॅमेरा बनवणाऱ्या पोलरॉइडने २००८ साली फिल्म बंद करायची ठरवली तेव्हा हे प्रकरण संपलं असंच वाटलं होतं. आज दोन्ही मिळतात, कारण लोकांना हातात फोटो हवा असतो. फुटाळ्यावर एका भुट्टेवाल्या मावशीचा फोटो काढून तिथंच दिला. ऊन लागू नये म्हणून त्यांनी तो पदराआड धरला. ‘व्हॉट्सॲपवर पाठवते’ म्हणून सांगितलेले किती फोटो आपण खरंच पाठवतो?
नागपुरात मे महिना मात्र अवघड. पोलरॉइडला २८ अंशांपर्यंतच चालतं, पुढे फोटोवर पिवळट-लाल झाक येते. इन्स्टॅक्सची मर्यादा ४०. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. फिल्मचं पाकीट डब्याच्या पिशवीत गार बाटलीजवळ ठेवते.

लालदिवा
सोळा वर्षं इतवारीतल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये होतो. वाट पाहण्यात गोडी होती असं आजकालचे पोट्टे लिहून राहिले, म्हणून सांगतो. आम्हाला ती धाकधूक होती.
१९९१ च्या मे महिन्यातलं एक लग्न. रोलचं टोक स्पूलमध्ये नीट अडकलंच नव्हतं. कॅमेऱ्यावरचा आकडा पुढे जात राहिला, रोल जागचा हलला नाही. धुतला तर आरपार कोरा. नवरीच्या वडिलांना मीच सांगितलं. ते ओरडले नाहीत. ‘माझी माय होती बाप्पा त्याच्यात,’ एवढंच म्हणाले. म्हातारी लग्नानंतर आठव्या दिवशी गेली होती.
उन्हाळ्यात तं आणखी हाल. ब्लॅक अँड व्हाइटचं डेव्हलपर २० अंशांवर हवं आणि नळाला पस्तीसचं पाणी. बर्फाची लादी फोडून ट्रेभोवती लावायचो. पाणी तापलं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून सुटायचा. डेव्हलपरमधल्या मेटॉलनं बोटं फाटायची. ज्यानं हे केलं त्याला फोनची किंमत विचारा.

महालकर
काका, तुमची गोष्ट दोनदा वाचली. लग्नाला नुसत्या रोलवर विसंबू नये, हे मान्य. पण १४ ऑक्टोबर १९५६ चा बाबासाहेबांच्या दीक्षेचा सोहळा आपण आज फोटोत बघतो, तो निगेटिव्हवरच टिपलेला आहे. माझ्या भाचीचं २०१३ चं बारसं मेमरी कार्डात होतं; ते कार्ड आता कुठेच उघडत नाही. निगेटिव्ह खिडकीशी धरली तरी माणूस ओळखू येतो.

वर्धारोडवाला
मग फोनमधले निवडून छापून घ्या. पोस्टकार्ड साइज कॉपी आजही स्वस्तात निघते. त्यासाठी रोल कशाला?

लालदिवा
छापून घ्या, हे बरोबर. पण कॉपी फाटली तं दुसरी कशावरून काढणार? इन्स्टॅक्सवाल्या ताई, तुमच्याकडं तं निगेटिव्हच नाही, तेवढं ध्यानात ठेवा. आणि निगेटिव्ह पावसाळ्यात कपाटात कोंबून ठेवली तं तिलाही बुरशी लागते.
महालकर ताई, मत माझं तेच आहे. पण तो मारबतीचा रोल कुरिअरनं पाठवू नका. माझी रोल धुवायची टाकी अजून आहे. थंडी पडली की घेऊन या, तेव्हा बर्फ लागत नाही.