मदत हवी आहे: ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी .३५० की .४५० रायफल?

हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या प्रशिक्षणाचा) कोर्स झालाय, यंदा व्हाइटटेल हरणासाठी पहिली रायफल घ्यायची आहे. ओहायोत हरणाला रायफल म्हटली की स्ट्रेट-वॉल (सरळ नळकांड्यासारख्या, मान निमुळती नसलेल्या) काडतुसाचीच चालते, तेव्हा .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर ही निमुळत्या मानेची काडतुसं कृपया सुचवू नका. मित्राची .४५० बुशमास्टर रेंजवर चालवून पाहिली. ताकद जबरदस्त, पण पाचव्या गोळीला खांदा बधिर, आणि मी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागलो! .३५० लेजंडचा धक्का सहज सोसतो, पण गोळी बरीच हलकी. झाडीत नेम साधारण ८० यार्डांवर, शेताच्या कडेला फार तर १५०. जखमी हरीण रात्रभर शोधत बसायची वेळ यायला नको. १५० यार्डांवर .३५० खात्रीने पुरते का, आणि गोळी १५० ग्रेन वजनाची घ्यावी की १८०?