जेरार फिलिप यांचे मोजमाप त्यांच्या चित्रपटांवरून करावे का?

रंगपट (धागाकर्ता) :

फ्रेंच नट जेरार फिलिप यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण १९५२ च्या 'फाँफाँ ला त्युलिप' या चित्रपटापासून सुरुवात करतात. हातात तलवार, चेहऱ्यावर हसू आणि संकटाची जराही पर्वा नसलेला तो तरुण फ्रान्समध्ये ६० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. त्यामुळे त्यांची तीच प्रतिमा रूढ झाली, आणि नाटकांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात उरकला जाऊ लागला. माझे म्हणणे असे आहे की फिलिप यांचे मुख्य कार्य रंगभूमीवर झाले आणि चित्रपट हा त्या कार्याचा दुय्यम पुरावा आहे.

त्यांचा जन्म ४ डिसेंबर १९२२ रोजी कान येथे झाला. १९४२ मध्ये ते नीस येथे प्रथम रंगमंचावर आले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये नाटककार जिरोदू यांच्या नाटकात त्यांनी देवदूताची भूमिका केली आणि सप्टेंबर १९४५ मध्ये आल्बेर काम्यू यांचा 'कालिग्युला' रंगवला, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. १९४७ च्या 'ल दियाब्ल ओ कोर' या चित्रपटाने त्यांना पडद्यावरचे तारे केले ते यानंतर. त्याहून महत्त्वाची गोष्ट १९५१ ची आहे. निर्माते दाराशी उभे असताना हा नट दिग्दर्शक ज्याँ व्हिलार यांच्याकडे गेला आणि त्याच वर्षी व्हिलार यांच्या हाती आलेल्या 'थिएत्र नास्योनाल पोप्युलेर' या लोकनाट्यसंस्थेत (पुढे टेएनपे म्हणतो) दाखल झाला. तिथे जाहिरातीवर नटांची नावे वर्णानुक्रमे छापली जात आणि मानधन संस्थेच्या नियमाप्रमाणे मिळत असे.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये आव्हिन्योंच्या नाट्यमहोत्सवात, पोपच्या राजवाड्याच्या उघड्या चौकात, त्यांनी कॉर्नेय यांच्या 'ल सिद' नाटकाचा नायक रोद्रीग केला. १६३७ चे, बारा अक्षरांच्या ओळींत बांधलेले हे पद्यनाटक शाळेत पाठांतरासाठी नेमले जाई आणि रंगमंचावर घोषणेसारखे म्हटले जाई. फिलिप यांनी ते विशीतल्या मुलाच्या घालमेलीचे नाटक केले. बापाच्या अपमानाचा सूड घ्यावा तर जिच्यावर प्रेम आहे तिच्या बापाचा जीव घ्यावा लागतो, हा पेच प्रेक्षकांना पाठ होता. तो त्या वयाच्या माणसाला कसा छळतो हे त्यांना या प्रयोगात दिसले. असा नट केवळ चित्रफितींवरून तोलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

चित्रवेध :

धागाकर्त्यांच्या माहितीबद्दल माझी तक्रार नाही, निष्कर्षाबद्दल आहे. जो प्रयोग आपल्यापैकी कोणीही पाहिलेला नाही, त्याला श्रेष्ठ ठरवून जे समोर आहे त्याला दुय्यम म्हणणे ही टीका नव्हे, ती श्रद्धा आहे. रंगमंचावरच्या त्यांच्या थोरवीविषयी आपण जे बोलतो ते सगळे इतरांच्या आठवणींवर उभे आहे. आणि ३६ व्या वर्षी गेलेल्या देखण्या नटाविषयीच्या आठवणी किती उजळ होत जातात, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय 'फाँफाँ' म्हणजे त्यांचे सगळे चित्रपट नव्हेत. १९५३ च्या 'लेझ ऑर्गेय्यो'मध्ये ते मेक्सिकोतल्या उकाड्याने कुजत चाललेल्या गावात दारूने संपलेला डॉक्टर झाले आहेत. एका बाटलीसाठी लोकांसमोर नाचण्याचा त्यातला प्रसंग पाहावा. नाच लांबत जातो, पाय अडखळतात, चेहऱ्यावरची लाज हळूहळू विझते आणि त्या जागी केवळ तहान उरते. कॅमेरा इतका जवळ नसता तर हे विझणे कुणाला दिसले असते? दोन हजारांहून अधिक खुर्च्यांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला ते दिसणे शक्य नव्हते.

दुसरे उदाहरण रने क्लेमाँ यांच्या १९५४ च्या 'मस्य रिपोआ'चे. लंडनच्या रस्त्यांवर कॅमेरा लपवून, खऱ्या गर्दीत चित्रित केलेल्या या चित्रपटात फिलिप यांनी आपल्याच देखणेपणाचा हिशेब मांडला आहे. स्त्रियांना फसवत जगणारा हा माणूस मोहक आहे आणि त्याच वेळी पोकळ आहे, आणि नटाने त्याला कुठेही वाचवलेले नाही. लोकप्रियता शिखरावर असताना अशी भूमिका स्वीकारणाऱ्या नटाचे चित्रपट दुय्यम म्हणता येत नाहीत.

तिसरी घंटा :

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, आणि धागाकर्त्यांनी टेएनपेचे जे चित्र उभे केले आहे त्याला माझा हरकतीचा मुद्दा आहे. नावे वर्णानुक्रमे छापली जात हे खरे, पण लोक तिकीट काढत ते फिलिप यांना पाहण्यासाठी. व्हिलार यांनी नाट्यगृहातल्या सेवकांना बक्षिशी देण्याची प्रथा बंद केली, दर कमी ठेवले, कामावरून सुटलेल्या माणसाला घरी वेळेत परतता यावे म्हणून प्रयोग लवकर सुरू केले आणि कारखान्यांतल्या कामगार समित्यांमार्फत प्रेक्षक जोडला. हे सगळे आदरणीय आहे. परंतु पॅरिसच्या शायो राजवाड्यातले टेएनपेचे ते अवाढव्य नाट्यगृह भरण्याची ताकद चित्रपटाने मिळवून दिलेल्या नावात होती. सिनेमाच्या कीर्तीवर लोकनाट्य उभे राहिले असेल, तर सिनेमाला दुय्यम म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मला फिलिप यांच्यात सगळ्यात मोठा वाटतो तो संघटक. १९५८ मध्ये फ्रेंच नटांची फुटलेली संघटना एकत्र आली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष फिलिप झाले. स्वतःला कशाचीही ददात नसलेला माणूस तालमींचे पैसे न मिळणाऱ्या, वर्षातले अनेक महिने बेकार राहणाऱ्या नटांच्या बैठकांना बसत होता. त्यांच्या वडिलांना युद्धकाळातल्या जर्मनधार्जिण्या राजकारणाबद्दल गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला गेला आणि ते स्पेनला निघून गेले. मुलगा मात्र ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसच्या मुक्तीच्या लढ्यात नगरभवनात होता, आणि १९५० मध्ये अण्वस्त्रांविरुद्धच्या स्टॉकहोम आवाहनावर त्याने सही केली. नट म्हणून त्यांनी घेतलेले निर्णय या पार्श्वभूमीशिवाय कळत नाहीत असे मला वाटते.

रंगपट :

'तिसरी घंटा' यांचा कीर्तीविषयीचा मुद्दा मी मान्य करतो, पण त्यातून निघणारा अर्थ मला उलटा दिसतो. कीर्ती सिनेमाने दिली, आणि फिलिप यांनी ती आणून ओतली ती नाटकात. नोव्हेंबर १९५१ मध्ये सुरेन या पॅरिसच्या कामगारवस्तीच्या उपनगरात टेएनपेचा पहिला मुक्काम झाला. तिथे 'ल सिद'बरोबर ब्रेख्त यांचे 'मदर करेज' होते, आणि त्यात फिलिप नायक नव्हते. ते त्या फेरीवालीच्या मोठ्या मुलाच्या, आयलिफच्या भूमिकेत होते. पडद्यावरच्या ताऱ्याने इतकी छोटी भूमिका करणे ही मला नुसती विनम्रता वाटत नाही; नाटक कोणासाठी करायचे याचा विचार त्यामागे होता.

'चित्रवेध' यांनी श्रद्धेचा उल्लेख केला, त्याला एक उत्तर देतो. त्याच आव्हिन्योंच्या मुक्कामात फिलिप यांनी जर्मन नाटककार क्लाईस्ट यांचा होम्बुर्गचा राजपुत्र केला. आज्ञा मोडून लढाई जिंकणारा हा सेनानी मृत्युदंड ऐकून, स्वतःसाठी खणलेली कबर पाहून, जिवाची भीक मागतो. युद्ध संपून सहा वर्षे झाली होती. फ्रेंच प्रेक्षकांसमोर प्रशियाचा सेनाधिकारी भीतीने कोसळत होता, आणि लोकांनी तो आपला मानला. हे घडवणे कोणत्याही समीप दृश्यापेक्षा अवघड आहे.

चित्रवेध :

हे अवघड आहे यावर आपले एकमत आहे. मी वाद घालतो आहे तो वेगळ्या अन्यायाविषयी. जानेवारी १९५४ मध्ये तेव्हाचे समीक्षक, पुढे दिग्दर्शक झालेले फ्रांस्वा त्र्युफो यांनी 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकामध्ये ज्या 'दर्जेदार' फ्रेंच सिनेमावर हल्ला चढवला, त्याचे मुख्य लक्ष्य ओराँश आणि बोस्त ही पटकथाकारांची जोडी होती. 'ल दियाब्ल ओ कोर' त्यांचाच आणि 'ल रूज ए ल न्वार'ही त्यांचाच, दोन्हींत नायक फिलिप. पटकथेवरचा राग नटाच्या वाट्याला आला आणि त्र्युफो यांच्यासारख्या, फ्रेंच सिनेमातल्या 'नव्या लाटे'च्या पिढीने त्यांना जुन्या घरातले फर्निचर मानले. नाट्यप्रेमी जेव्हा 'चित्रपट सोडा, नाटक पाहा' असे म्हणतात, तेव्हा नकळत त्याच निकालावर शिक्का मारतात.

फिलिप यांच्या चुका मी लपवत नाही. १९५६ चा 'टिल' हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, पूर्व जर्मनीच्या सहकार्याने, मोठ्या हौसेने, तो फसला.

वाचनखूण :

मी फ्रेंच शिकत असताना आमच्या बाईंनी वर्गात 'ल पती प्रँस' (छोटा राजपुत्र) या कथेचे १९५४ चे ध्वनिमुद्रण लावले होते. निवेदन फिलिप यांचे होते. भाषा अर्धीच कळत होती, तरी मेंढीचे चित्र मागणारे ते पोर आणि वैतागलेला वैमानिक यांच्यामधले अंतर त्या आवाजात कमी होत जाताना स्पष्ट ऐकू येत होते. 'ल सिद'चेही ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तेव्हा नाटक पूर्णपणे हरवले असे 'चित्रवेध' यांनी म्हणू नये. देह हरवला, आवाज उरला आहे. आणि पद्यनाटकात अर्धे काम आवाजाचेच असते.

तिसरी घंटा :

आवाजाबरोबर आणखी एक पुरावा आहे, आणि तो या धाग्यातल्या दोन्ही पक्षांना अडचणीचा ठरेल. टेएनपेची छायाचित्रे आन्येस वार्दा यांनी काढली. रोद्रीगच्या वेषातले फिलिप आज आपल्याला दिसतात ते बहुतांशी त्यांच्यामुळे. त्याच वार्दा यांनी १९५५ मध्ये 'ला प्वाँत कुर्त' हा चित्रपट केला, ज्याला नव्या लाटेची पूर्वखूण मानले जाते, आणि त्यातले दोन्ही मुख्य नट, फिलिप न्वारे आणि सिल्व्हिया माँफोर, टेएनपेतून आलेले होते. म्हणजे व्हिलार यांचा मंच आणि नवा सिनेमा यांच्यात आपण समजतो तेवढी उंच भिंत नव्हती.

रंगपट :

हे मला सुचले नव्हते, आणि मी माझे विधान त्या प्रमाणात मागे घेतो. 'मस्य रिपोआ' मी पुन्हा पाहीन. तरीही एका बाबतीत मी ठाम आहे. नोव्हेंबर १९५९ मध्ये शस्त्रक्रियेत फिलिप यांना यकृताचा कर्करोग असल्याचे आढळले. पत्नी आन यांनी तो त्यांना सांगितला नाही, आणि २५ तारखेला पॅरिसमध्ये ते गेले. रामात्युएलच्या गावच्या दफनभूमीत त्यांना ठेवले तेव्हा अंगावर पडद्यावरच्या कोणत्याही नायकाचा पोशाख नव्हता. रोद्रीगचा होता. ही निवड त्यांना सर्वांत जवळून ओळखणाऱ्या माणसांची होती, आणि या वादात तिचे वजन मी माझ्या किंवा कोणाच्याही मतापेक्षा अधिक धरतो.