कोळंबी सोलून बोटं सडतायत, हातमोजे घातले तर किलो कमी भरतात. काय करावं?

मेडिकलवाली
नमस्कार. मी नवी मुंबईत औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. माझी थोरली जाऊ अक्कलकोटकडून इकडे आली. वस्तीतल्या बऱ्याच बायकांबरोबर ती एक्सपोर्टच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाते. माल आला की मुकादमाचा फोन, मग पहाट असो की रात्र. बर्फाच्या पाण्यात हात, पाय ओल्या लादीवर, मजुरी किलोवर.

तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात. नखांच्या कडा सुजल्यात, दाबलं की पू येतो. पीठ मळताना मीठ लागलं की ती हात झटकून उभी राहते, बोलत नाही. हातमोज्यांत सोललं की कवच निसटतं आणि किलो कमी भरतात, म्हणून कुणी घालत नाही. संडासला जायचं तर एप्रन-बूट काढा, परत हात धुवा, तेवढ्यात शेजारणीची पाटी भरते. म्हणून या बायका पाणीच पीत नाहीत. जाऊबाईंना लघवीला जळजळ सारखी होते.

शेडमधल्या बायका माझ्याकडे एकच ट्यूब मागतात. त्यात स्टेरॉइड आहे हे मला माहीत आहे. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, तर त्या पुढच्या दुकानातून घेतात. त्यांना नेमकं काय सांगू?

निवृत्त_सिस्टर
त्वचारोगाच्या ओपीडीत माझी नोकरी गेली, असे हात खूप पाहिलेत. ती ट्यूब आधी बंद करा. स्टेरॉइडने आग थांबते पण बुरशी आत पसरते आणि कातडी पातळ होते. नखांच्या कडेची ही सूज बहुतेकदा सतत ओल्या हाताने येते. डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावं, आणि साखर तपासावीच. मधुमेह असेल तर हे बरं होता होत नाही.

कामाआधी आणि नंतर व्हॅसलीन. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे, ओले झाले की बदलायचे.

कोळंबीच्या डोक्याचा काटा टोचून दोन-चार दिवसांत बोट जांभळट-लाल होऊन ठणकलं, तर "मी मासळीत काम करते" हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. तो जंतुसंसर्ग वेगळा, पेनिसिलिनने बरा होतो, पण काम सांगितल्याशिवाय डॉक्टरांना सुचत नाही. लघवीच्या जळजळीबरोबर थंडी-ताप किंवा कुशीत दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

क्वालिटीत_होते
अशाच एका प्लांटमध्ये मी क्वालिटीला होते. मोजे दिले जातात ते मालासाठी, बाईच्या हातासाठी नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे उघडी जखम असलेल्या माणसाने माल हाताळायचा नाही. नियम बरोबर आहे, पण जखम दिसली की घरी पाठवतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बायका बोटं लपवतात आणि जखम चिघळते. किलोवर मजुरी आहे तोवर मोजे वाटून काही होणार नाही, हे माझं ठाम मत आहे. त्याच नियमांत कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. ती कागदावर उरकतात. सगळ्या बायकांनी मिळून ती मागावी, एकटीने नको.

आणखी एक. कोळंबी काळी पडू नये म्हणून मेटाबायसल्फाइट वापरतात, त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड छातीला लागतो. कोळंबीच्या उडणाऱ्या तुषारांनीही काहींना दमा होतो. कामावर खोकला, सुट्टीत आराम, असं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मेडिकलवाली
खोकला आहेच. सगळे म्हणतात बर्फाने होतो. दवाखान्यात नेईन, पण खाडा झाला की पैसे जातात.

सोलणारीची_लेक
ताई, माझ्या आईने ससून डॉकला उघड्यावर सोललं, तिला कसला विमा नव्हता. तुमच्या जाऊबाई कारखान्यात आहेत, तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, बघा. १० किंवा जास्त कामगार आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरी असेल तर लागू होतो, ठेकेदाराच्या माणसांनाही. वर्गणी मजुरीवर, कामगाराची ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. उपचार मिळतात, आणि पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. म्हणजे खाड्याची भीती थोडी कमी. मुकादमाकडे विमा क्रमांक मागा. "नाही" म्हणाला तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा, कारण ठेकेदाराने भरलं नाही तरी मूळ मालकावर जबाबदारी येते. जाताना हजेरीचं कार्ड, गेटपास, मुकादमाचे मेसेज, काय असेल ते घेऊन जा.